शेपटीवरून प्राणी

"आम्ही जबलपूरचे," असं पुण्यातल्या लग्नात सांगितलं की समोरचा माणूस आधी आपल्याकडे आणि मग आपल्या पानाकडे बघतो. पानात वरणभात असतो, बाजूला लिंबाची फोड असते. तरी तो विचारतो, "घरी हिंदीच बोलत असाल ना?" हे तो मराठीत विचारतो, आपण मराठीत उत्तर देतो आणि दोन मिनिटांनी तो बायकोला सांगतो, "यूपीचे आहेत." जबलपूर मध्य प्रदेशात आहे, १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांकडे होतं, मराठी बिऱ्हाडं गोलबाजारात पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत, या गावाला 'संस्कारधानी' म्हणणारे विनोबा मराठीच होते, एवढं सांगायला तोंड उघडावं तोवर पंगतीत मठ्ठा आलेला असतो आणि विषय संपलेला असतो.

इकडे जबलपुरातही मतं तयारच असतात. आमच्या शेजारच्या पंडितजींच्या मते मराठी माणूस चहा विचारतो तेव्हा उत्तर 'नको' असंच यावं अशी त्याची मनोमन इच्छा असते. हा निष्कर्ष ते आमच्याच ओट्यावर, आमच्याच कपातला दुसरा चहा पिताना सांगतात. तिसरा विचारला तर म्हणतात, "अब देखो, मजबूरी में पूछ रहे हैं."

पुण्याचे पाहुणे आले की आम्ही त्यांना कमानिया गेटला खव्याची जिलबी खायला नेतो. मैद्याच्या केशरी जिलबीवर वाढलेल्या माणसाला ही जिलबी म्हणजे धक्काच. खव्यामुळे ती तळताना गडद होत जाते, जवळजवळ काळी, आणि पाकातून काढल्यावर तिला बुटाच्या पॉलिशची चमक येते. आमची आत्या एकदा ताटलीकडे बघून म्हणाली, "अगं बाई, जळलीये."

"जळली नाही आत्या, खव्याची आहे."

"खव्याची असली म्हणून काय जाळायची?"

अखेर तिनं एक तुकडा तोंडात टाकला. मग अख्खी खाल्ली. मग दुसरी मागितली. आता मत बदलेल म्हणून आम्ही वाट बघत होतो. आत्या रुमालानं बोटं पुसत म्हणाली, "जळलेली असूनही चांगली लागते हो."

मत कसं जगतं याचा याहून स्वच्छ नमुना मी पाहिलेला नाही. पुरावा पोटात गेला तरी मत शाबूत.

मदनमहालच्या डोंगरावर एका खडकाच्या टोकावर दुसरा भलामोठा खडक टेकलेला आहे. त्याला सगळे बॅलन्सिंग रॉक म्हणतात. पाहणारा प्रत्येक जण एकच अभिप्राय देतो, "आज ना उद्या पडणार," आणि लगेच त्याच्याच खाली उभा राहून फोटो काढून घेतो. दुसरीकडे, जाणकार समजली जाणारी मंडळी सांगायची की हा सगळा मुलूख जुन्या, कणखर खडकाचा, भूकंपाची भीती हिमालयाकडच्यांनी बाळगावी. १९६७ ला कोयनेनं आणि १९९३ ला किल्लारीनं हे मत पुरतं हादरवलं होतं. पण ते दुसऱ्यांच्या गावात. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हललं, घरं पडली, माणसं गेली. बॅलन्सिंग रॉक होता तिथंच राहिला. ज्याच्या पडण्याबद्दल एकमत होतं तो टिकला आणि ज्या भिंतींबद्दल कुणी मतच बनवलं नव्हतं त्या गेल्या. अजूनही लोक त्या खडकाखाली उभे राहतात आणि म्हणतात, "आता मात्र पडणार."

पण अर्धवट माहितीवर मत बनवण्यात जबलपूरचं जे खरं जागतिक स्थान आहे ते याच शहरातल्या दुसऱ्या एका टेकडीमुळे. तिचं नाव बडा शिमला. छावणीजवळची ही टेकडी. १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन तिथं दगड झालेलं लाकूड शोधत हिंडत होता. लाकडाऐवजी त्याला हाडं मिळाली, तीही दगड झालेली. 'डायनोसॉर' हा शब्द तेव्हा जन्मायचा होता, तो रिचर्ड ओवेननं १८४२ साली काढला. त्यामुळे स्लीमनच्या हातात डायनोसॉर होता, पण तो डायनोसॉर आहे असं म्हणायची सोय नव्हती. हाडं जबलपूरचे सिव्हिल सर्जन स्पिल्सबरी यांच्या हातून कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली आणि तिथं कपाटात पडून राहिली. सरकारी कपाटात गेलेली वस्तू बाहेर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. १८७७ साली रिचर्ड लिडेकर यांनी ती बाहेर काढली, अभ्यास केला आणि जगाला सांगितलं की हा एक नवाच, प्रचंड प्राणी आहे. नाव ठेवलं टायटनोसॉरस इंडिकस.

त्यांच्यापुढे हाडं किती होती? शेपटीचे दोन मणके आणि मांडीच्या हाडाचा एक तुकडा. डोकं नाही, मान नाही, छाती नाही. शेपटीवरून हत्ती ओळखणारा आंधळा आपण लहानपणी गोष्टीत ऐकला होता. फरक एवढाच की लिडेकरसाहेबांचा निष्कर्ष पुढे सव्वाशे वर्षं चालला. अर्जेंटिनात, इंग्लंडात, मादागास्करमध्ये, कुठंही तसल्या घडणीचा मणका सापडला की लोक म्हणायचे, हा जबलपूरवाल्याचाच नातेवाईक. गोतावळा वाढतच गेला. शेवटी २००३ साली विल्सन आणि अपचर्च या दोघांनी सगळ्या वंशावळीची उलटतपासणी केली आणि दाखवलं की ज्या खुणेवरून हे नाव ठेवलं ती खूण त्या घराण्यात बऱ्याच जणांना आहे. म्हणजे त्या मणक्यांवरून हा प्राणी नेमका कोण ते सांगता येत नाही. नाव 'संशयास्पद' या खात्यात जमा झालं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा प्राणी, जो आधी याच नावाखाली होता, त्याच्याकडे बऱ्यापैकी सांगाडा होता, म्हणून त्याला त्याच वर्षी इसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळालं. ज्याच्याकडे कागदपत्रं पुरी त्याला वेगळं रेशनकार्ड.

लिडेकरसाहेबांचा मात्र एक मोठेपणा मान्य केला पाहिजे. आपल्यासमोर नेमकी कुठली हाडं आहेत हे त्यांनी लिहून ठेवलं, चित्रं काढून ठेवली. म्हणून तर पुढच्यांना हिशेब तपासता आला. आमच्या गल्लीत ही पद्धत नाही. आमच्याकडे निष्कर्ष पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि हाड पहिल्याच दिवशी गायब होतं.

आमच्या समोरच्या घरात गेल्या पावसाळ्यात नवं बिऱ्हाड आलं. माणसं मागून येणार होती, आधी सामानाचा ट्रक आला. गल्लीला याहून चांगला मोका मिळत नाही, कारण माणसं आली की बोलू लागतात आणि बोलू लागली की अंदाजाची मजा जाते. माई गॅलरीत खुर्ची टाकून बसली. माई म्हणजे आमच्या आईची मावशी. गल्लीच्या सर्व बाबतीत शेवटचा शब्द तिचा. खाली ओट्यावर पंडितजी, आणि गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक फोरमनसाहेब, ज्यांना कुठलीही वस्तू दिसली की आधी तिचं वजन सांगायची सवय आहे.

पहिल्यांदा पेटी उतरली, गाण्याची.

"गाणारे आहेत," माई म्हणाली. "सकाळी रियाज करतील. चला, बरं झालं."

मग एक फ्रिज उतरला. मग दुसरा फ्रिज.

"काय बड्डे, दो-दो फ्रिज!" फोरमनसाहेब म्हणाले. "ऊपर की कमाई है. आरटीओ में होंगे."

"दोन भाऊ एकत्र राहतात, पण बोलत नाहीत," माईनं वरून दुरुस्ती केली. "चुली वेगळ्या."

मग चाकांची खुर्ची आली आणि गल्ली गंभीर झाली. घरात म्हातारं माणूस आहे, आणि तेही अंथरुणाला खिळलेलं. पाठोपाठ पाळणा उतरला, तेव्हा तर चित्रच पूर्ण झालं. सासू जागेवर, मूल अंगावर, दोन भावांत अबोला आणि या सगळ्याच्या मधोमध एक सून.

"नोकरी करणारी असेल हो," माई हळहळली. कारण तेवढ्यात इस्त्रीचं टेबल उतरलं होतं.

पेटीचा अर्थही आता बदलला. पेटी सुनेची. लग्नाआधी गायची, या घरात आल्यापासून उघडली नसेल. नीट बघितलं तर झाकणावर धूळ होतीच. पेटी ट्रकमधून आली होती आणि धूळ तर आमच्या गॅलरीच्या कठड्यावरही होती, पण हे बोलायची कुणाची छाती नव्हती. दहा वाजायच्या आत त्या सुनेबद्दल गल्लीत इतकी माया दाटली की माईनं तिच्यासाठी पोहे आणि सासूबाईंसाठी वेगळा मऊ भात करायला सांगितला. पंडितजींनी तर त्या भावांना समज देण्याची तयारी दाखवली.

संध्याकाळी ऑटोरिक्षातून पाठीवर सॅक अडकवलेला एक एकटा मुलगा उतरला. बँकेत बदली होऊन आलेला. त्याचं सामान म्हणजे एक फ्रिज, एक घडीची खाट, इस्त्रीचं टेबल आणि चार खोकी. बाकीचं सगळं सतन्याच्या कुठल्याशा कुटुंबाचं होतं. भाडं वाचावं म्हणून दोन गिऱ्हाइकांचा माल ट्रकवाल्यानं एकत्र भरला होता. मुलाचं सामान तळाशी गेलं होतं, म्हणून आधी वरचं उतरवलं. अंधार पडल्यावर पेटी, पाळणा, चाकांची खुर्ची आणि दुसरा फ्रिज पुन्हा ट्रकमध्ये चढले आणि निघून गेले.

इथं कुणालाही वाटेल की गल्ली ओशाळली असेल. छे! माईनं फक्त विचारलं, "मग सून कुठंय?"

आणि थोडा विचार करून तिनंच उत्तर दिलं, "माहेरी गेली असेल. पेटी घेऊन."

दुसऱ्या दिवशी पंडितजींनी त्या मुलाला अडवून आवाजात जमेल तेवढा ओलावा आणून विचारलं, "माताजी की तबीयत अब कैसी है?" मुलगा सभ्य होता. त्याची आई बिलासपूरला ठणठणीत होती. तो म्हणाला, "अब ठीक हैं." त्या एका 'अब'नं सगळ्यावर शिक्कामोर्तब झालं.

हसण्याआधी चार्ल्स मॅटली यांचं प्रकरण ऐकून घ्यावं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला या साहेबांनी त्याच बडा शिमला टेकडीवर पुन्हा खोदकाम केलं. एकाच ठिकाणी कमरेची, पायाची हाडं मिळाली आणि अंगावरच्या चिलखताचे जाड जाड तुकडेही मिळाले. १९२० च्या दशकात त्यांनी जाहीर केलं की हा चिलखत घातलेला नवा डायनोसॉर आहे. नर्मदेवरच्या लमेटा घाटाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या थरात सापडला म्हणून त्याचं नाव लमेटासॉरस. पुढच्या अभ्यासकांनी एकेक हाड हातात घेऊन पाहिलं तेव्हा लक्षात आलं की कंबर आणि पाय एका मांसाहारी प्राण्याचे, आणि चिलखताचे तुकडे बहुधा टायटनोसॉरांपैकी एका पालाखाऊ प्राण्याचे. खाणारा आणि ज्याला खायचं तो, दोघांना मिळून एक केलं होतं. सतन्याचं आणि बिलासपूरचं सामान एकाच ट्रकमध्ये. १९३३ साली तर अशाच दोन मणक्यांच्या जोरावर एका चिमुकल्या प्राण्याला थेट आमच्या शहराचं नाव मिळालं, जबलपुरिया. शहराला याचा पत्ता नाही, नाहीतर चौकात पुतळा उभा राहिला असता. डोक्यासकट.

मत बनवायला हाड तरी कशाला लागतं म्हणा. १९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सुभाषचंद्र बोस पट्टाभि सीतारामय्यांचा पराभव करून अध्यक्ष झाले होते, पण तापानं फणफणलेले. त्यांना रुग्णवाहिकेतून मंडपात आणलं, भाषण वाचून दाखवलं थोरले बंधू शरदबाबूंनी. अधिवेशन बावन्नावं म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली आणि अध्यक्षांच्या जागी त्यांची तसबीर मिरवली गेली. आणि मंडपात कुजबुज काय, तर हा ताप राजकीय आहे. कुणी तर म्हणे असंही सुचवलं की काखेत कांदे ठेवलेत का तेवढं बघा. काखेत कांदा ठेवला की ताप चढतो, हे शास्त्र शाळा बुडवण्याच्या वयात आपण सगळेच शिकलेलो असतो. ते देशाच्या राजकारणात वापरलं जाईल याची कल्पना नव्हती. डॉक्टर तपासत होते, थर्मामीटर होता, पारा सगळ्यांना दिसत होता. पण काँग्रेसच्या अध्यक्षाला आजार होण्यापेक्षा त्यानं काखेत कांदे घेऊन फिरणं हे मंडळींना जास्त पटण्यासारखं वाटलं. पुढे स्वतः सुभाषबाबूंनी या आजारपणावर लेख लिहिला. थर्मामीटरपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असेल असं वाटत नाही.

स्लीमनकडे परत यायला हवं, कारण इतिहास त्याला हाडांसाठी ओळखत नाही, ठगांसाठी ओळखतो. ठगांच्या बंदोबस्ताचं काम त्यानं जबलपुरातून चालवलं. त्याच काळात सागरला फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या एडिंबरोच्या एका मंडळाकडे पाठवण्यात आल्या. डोक्यावरच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्याची विद्या तेव्हा जोरात होती. हे नामांकित खुनी, तेव्हा खुनशीपणाचं टेंगूळ टपोरं असणार, यात मंडळाला शंका नव्हती. मोजमाप घेतलं तर ते टेंगूळ मुळीच मोठं निघालं नाही. आता दोनच वाटा होत्या. विद्या चुकली म्हणायचं, किंवा कवट्या चुकल्या. मंडळानं तिसरी वाट काढली. म्हणाले, स्वभावानं हे तसे बरे लोक, पण संगत वाईट मिळाली. हे आमच्या आत्याचंच शास्त्र. जळलेली असूनही चांगली.

इथपर्यंत मजा आहे. पण याच विचाराला पुढे सरकारी शिक्का मिळाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, बाळ पाळण्यात असतानाच त्याचं पोलिसांच्या वहीत घराणं लागलं. कायदा १९५२ साली गेला. वही गेली की नाही, ते पारध्यांच्या तांड्यावर एखादी रात्र काढणाऱ्याला विचारावं.

असो. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात १९२३ साली एक डायनोसॉर अंड्यांच्या घरट्यावर मेलेला सापडला. अंडी दुसऱ्याच जातीची आहेत असं ठरलं, म्हणजे हा चोरी करताना मेला. १९२४ साली हेन्री ऑस्बर्न यांनी त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, अंडेचोर. गंमत म्हणजे ऑस्बर्न यांनी त्याच लेखात लिहून ठेवलंय की या नावामुळे प्राण्याच्या सवयींबद्दल गैरसमज होऊ शकतो. गैरसमज होईल हे ठाऊक, तरी नाव तेच! माई सुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाही. १९९० च्या दशकात तसल्याच एका अंड्यात पिल्लू सापडलं, आणि ते त्याच घराण्यातलं निघालं. तो बिचारा चोर नव्हता, आपल्याच अंड्यांवर बसला होता. सत्तर वर्षं त्याची बदनामी झाली ती आईपणासाठी किंवा बापपणासाठी.

याच्या उलटही होतं. आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरीला डायनोसॉरची अंडी आणि त्यांच्याजवळ बारीक हाडं मिळाली. अंड्याजवळची हाडं पिल्लाचीच असणार, असं १९८७ साली त्यांनी मांडलं. घरट्यात बाळच असणार, हे कुणीही म्हणेल. पुढे २००१ साली जेफ विल्सन यांनी ती हाडं पाहिली, तर त्यातले काही मणके सापाचे. दोघांनी मिळून आणखी मंडळींना घेऊन पुन्हा काम केलं आणि २०१० साली छापलं : साडेतीन मीटरचा साप, घरट्यात वेटोळं घालून, पिल्लांवर टपलेला. त्याचं नाव सनाजेह. आधीच्या मताच्या मालकानंच नव्या मतावर सही केली. आणि हेच मोहबे पुढे टायटनोसॉरसच्या मागे लागले. लिडेकरांनी वर्णन केलेला एक मणका कलकत्त्यात हरवला आहे असंच सगळे धरून चालले होते. तो त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१२ साली तिथल्याच सरकारी संग्रहात सापडला. हरवला हेही एक मतच होतं. कुणी नीट बघितलं नव्हतं, इतकंच.

हे सगळं मी एका दुपारी माईला सांगितलं. तिला ओव्हिरॅप्टर फार आवडला. अंड्यावर बसलेल्याला चोर म्हणणाऱ्या साहेबाला तिनं दोन शिव्याही दिल्या.

"मग आता तरी त्याचं नाव बदललं का?"

"नाही. तसा नियम आहे. पहिलं ठेवलेलं नाव तेच चालतं."

"चोर नाही हे कळल्यावरही?"

"कळल्यावरही."

माई समाधानानं खुर्चीत मागे टेकली. "बघ, एवढे शिकलेले लोक. ते नाही बदलत, तर मी का बदलू?" आणि समोरच्या घराच्या गॅलरीत त्या मुलाचे एकट्याचे दोन शर्ट वाळत होते त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अजून माहेरीच दिसते रे ती."